लपवलेला चष्मा आणि मोरीतली डबी

मॅडम, नमस्कार.

माझं वय २५. गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार नंबर आहे. गेल्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आईने चष्मा कपाटात ठेवायला लावला आणि महिनाभर चालणाऱ्या लेन्स घेऊन दिल्या. आता लग्न ठरलंय, पण मला चष्मा आहे हे सासरी अजून कुणालाच माहीत नाही. बारा दिवसांपूर्वी एका कार्यासाठी दोन रात्री त्यांच्याकडे राहावं लागलं. चष्मा नेला नव्हता, पाहुण्यांच्या गर्दीत लेन्स काढणार कुठे, म्हणून तशीच झोपले. परत आल्यावर उजवा डोळा लाल झाला. ऑफिसात सगळे म्हणाले, डोळे आलेत. मेडिकलमधून ड्रॉप आणले, दोन दिवसांत लाली गेली. ड्रॉप थांबवले की पुन्हा लाल. असं दोनदा झालं. आता ट्यूबलाइटकडे बघवत नाही, रात्री ठणका लागतो आणि मोबाइलवर फोटो काढला तर बुबुळावर बारीक पांढरा ठिपका दिसतो. मावशी म्हणते गुलाबपाणी घाल. मी लेन्सची डबी रोज नळाच्या पाण्याने स्वच्छ धुते, सोल्यूशन महाग आहे म्हणून संपेल तसं वरून थोडं थोडं घालते. हे लेन्समुळेच झालं का? लग्नाला १९ दिवस राहिलेत. लग्नात लेन्स घालता येतील ना? सासरी कळू न देता काय करता येईल?

— नाव छापू नये


प्रिय मुली,

तुझं पत्र रविवारी रात्री वाचलं. सदर छापून येईपर्यंत थांबावं असं ते नव्हतं, म्हणून लगेच चार ओळी कळवल्या होत्या: लेन्स काढ आणि पुन्हा घालू नकोस, मेडिकलचे ड्रॉप थांबव, गुलाबपाणी मुळीच नको, आणि सकाळी ऑफिसला दांडी मारून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे. जाताना ड्रॉपची बाटली, लेन्स आणि डबी आहे तशी, न धुता घेऊन जा.

मंगळवारी तुझा निरोप आला. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, दोन मिलिमीटरचा अल्सर, म्हणजे जखम, अगदी मध्यावर नाही, थोडा कडेला. खरवडून नमुना तपासायला पाठवलाय आणि दर तासाला ड्रॉप चालू आहेत, रात्रीसुद्धा. रूममेट गजर लावून उठते म्हणालीस. त्या पोरीला लग्नात चांगली साडी घे. काल रिपोर्टही आला: स्यूडोमोनास नावाचा जंतू.

माझं बाकी सगळं ऐकलंस, एक सोडून. डबी भांड्याच्या साबणाने घासून, नळाखाली धरून, लख्ख करून नेलीस. डॉक्टरांकडे जायचं तर नीटनेटकं जावं हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. माझ्या दवाखान्यात बायका डोळ्यांतली चिपडं पुसून, वर ताजं काजळ घालून यायच्या आणि मग मी काय तपासायचं? पण तुझ्या बाबतीत त्यातूनही एक गोष्ट कळली. इतकी घासलेली डबी, तरी तुझ्या डॉक्टरांनी तिच्या तळातून बोळा फिरवला तर तोच जंतू उगवला. लेन्समुळेच झालं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या डबीच्या तळाशी आहे.

घरातला माठ आठवतो? चार दिवस न घासता नुसतं पाणी भरत राहिलं की आतून हात फिरवल्यावर बुळबुळीत लागतं. पाणी दिसायला नितळ असतं, बुळबुळ भिंतीला असते. जंतू आपल्याभोवती एक चिकट थर विणतात आणि त्या थरात वस्ती करून राहतात. डबीच्या वाटीत, तिच्या झाकणाच्या आट्यांमध्ये हाच थर बसतो. आपण ओततो ते सोल्यूशन त्याच्या वरून वाहून जातं. आतल्या जंतूंपर्यंत पोचतं ते फारच पातळ होऊन. साबणानेही तो पुरता सुटत नाही. म्हणजे रोज रात्री तू लेन्स जंतुनाशकात बुडवतेय असं समजत होतीस, आणि प्रत्यक्षात तिला त्या वस्तीत मुक्कामाला पाठवत होतीस.

स्यूडोमोनास हा ओलाव्याचा जंतू. मोरीचं जाळीचं झाकण, बेसिनची नळी, ओला स्पंज, बादलीचा तळ, ही त्याची घरं. त्याला खायला फारसं लागत नाही, नुसत्या ओलीवर निभावतो. प्रयोगशाळेत तो प्लेटवर वाढला की भोवती हिरवट निळसर रंग सोडतो, आणि झाकण किलकिलं केलं की पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. तू तासगावच्या बाजूची असशील तर तो वास तुला ओळखीचा वाटेल आणि पुढे काही दिवस द्राक्षं खाववणार नाहीत. माझं तसं झालं होतं. रूप-वास एवढा गोड असला तरी याचं काम वाईट: कॉर्नियाचा गाभा विरघळवणारी रसायनं तो सोडतो, आणि जोरात असला तर एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवत नेतो. लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत जिवाणूंमुळे अल्सर होतो तेव्हा सर्वांत जास्त वेळा हाच सापडतो.

आता तू म्हणशील, तो जर सगळीकडेच आहे तर रोज तोंड धुताना माझ्या डोळ्यात का जात नाही? जातो की. पण राहत नाही. डोळ्याचं स्वतःचं संरक्षण फार पक्कं आहे. पापणी मिटते, अश्रू धुऊन नेतात आणि अश्रूंमध्ये जंतू फोडणारं लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी शोधलं ते हे, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यासाठी लागणारे अश्रू काढायला तो सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळायचा म्हणतात. शिवाय कॉर्नियावर वरच्या पेशींचं पातळ अस्तर असतं. ते सलग असेल तर स्यूडोमोनासला आत घुसता येत नाही.

लेन्स घातली की या सगळ्यात थोडी थोडी उणीव येते. लेन्सखालचे अश्रू साचून राहतात, पापणीने पुसले जात नाहीत. अस्तराला बारीक ओरखडे पडतात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच ती काचेसारखी पारदर्शक आहे. तिला प्राणवायू मिळतो तो थेट हवेतून. वर लेन्स आली की तो कमी मिळतो. डोळा मिटला की हवा बंद, पापणीच्या आतल्या बाजूकडून येईल तेवढ्यावर भागवायचं. मिटलेल्या पापणीखाली लेन्सही ठेवलीस तर कॉर्निया रात्रभर गुदमरते, सुजते, अस्तर सैल पडतं. आणि डबीतून आलेला पाहुणा तिथेच लेन्सला धरून बसलेला असतो, सात तास, उबेत, पापणीची उघडझाप नाही, अश्रूंचा प्रवाह नाही. त्या दोन रात्री तुझ्या डोळ्यात हे घडलं.

आकडा सांगते, कारण ‘एखाद्या रात्री काय होतंय’ हे मी हजारदा ऐकलंय. अमेरिकेत १९८९ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. मऊ लेन्स दिवसा घालून रात्री काढणाऱ्या दर १०,००० लोकांत वर्षाला साधारण ४ जणांना कॉर्नियाचा अल्सर झाला; लेन्स घालून झोपणाऱ्यांत २१ जणांना. पुढे जास्त प्राणवायू आत सोडणाऱ्या नव्या लेन्स आल्या, आता झोपायला हरकत नाही असं सगळ्यांना वाटलं, मलासुद्धा. मग २००८ साली ऑस्ट्रेलियातली पाहणी आली: दिवसा घालणाऱ्यांत १०,००० मागे २, आणि या नव्या लेन्स घालून झोपणाऱ्यांत २५. प्लॅस्टिक सुधारलं, झोपेचा धोका तसाच राहिला. म्हणून दुकानदाराने ‘या लेन्समध्ये झोपलं तरी चालतं’ असं सांगितलं तरी तू झोपायचं नाहीस.

पाण्याचं आता थोडं सविस्तर. ‘रोज नळाच्या पाण्याने स्वच्छ धुते’ हे वाक्य तू फुशारकीने लिहिलं आहेस आणि मला नेमकं तेच वाचून धडकी भरली. पिण्याचं पाणी वेगळं आणि डोळ्याचं पाणी वेगळं. आपल्या पोटात आम्ल आहे, ते बऱ्याच गोष्टी पचवतं. डोळ्यावर तसं काही नाही. पालिकेचं पाणी क्लोरीन घालून आलं तरी ते सोसायटीच्या खालच्या टाकीत, मग वरच्या टाकीत, मग जुनाट पाइपांमधून तुझ्या बेसिनपर्यंत येतं. उन्हाळ्यात मध्ये टँकरही असतो. आरओच्या पाण्याने किंवा बाटलीबंद पाण्यानेही हे काम होत नाही, कारण तेही निर्जंतुक नसतं. आणि मऊ लेन्स मुळात मऊ आहे ती पाणी शोषते म्हणून. प्रागच्या ओटो विख्टरले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या यंत्रजोडणीच्या खेळण्यातले भाग वापरून पहिल्या मऊ लेन्स घडवल्या, त्या अशाच पाणी पिणाऱ्या प्लॅस्टिकच्या. ज्या पाण्यात ठेवाल ते ती पिणार. नळाचं पाणी अश्रूंइतकं खारट नसतं, त्यात लेन्स फुगते आणि डोळ्याला घट्ट चिकटते. तो त्रास वेगळाच.

पाण्यात आणखी एक प्राणी असतो, अ‍ॅकॅन्थअमीबा. हा जिवाणू नव्हे, जिवाणू खाणारा एकपेशीय जीव. म्हणजे डबीतली बुळबुळ ही त्याची खाणावळ. संकट आलं की स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून तो झोपून राहतो आणि क्लोरीन त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. त्याचा अल्सर स्यूडोमोनासइतका भराभर वाढत नाही, पण दुखणं असं की डोळ्यात दिसतं त्याच्या कितीतरी पट जास्त, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचं पाणी करायचे, तेव्हा याचे रुग्ण एकदम वाढले. आपल्याकडेही ‘उकळलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ’ सांगणारे आहेत. नको. लेन्स घालून अंघोळ, पोहणं, धबधबा, वॉटर पार्क, सगळं याच कारणासाठी वर्ज्य.

तुझ्या रिपोर्टात अमीबा नाही. स्यूडोमोनास आहे आणि तो औषधाला दाद देतोय, हे त्यातल्या त्यात नशीब.

नशीब म्हणते कारण मधल्या दिवसांत तू त्याला चांगलं खतपाणी घातलं होतंस. तू बाटलीचा फोटो पाठवलास. पुढच्या बाजूला मोठं नाव, खाली बारीक अक्षरांत दोन औषधं: एक अँटिबायोटिक आणि एक डेक्सामेथासोन. हे दुसरं स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली घालवतं, सूज घालवतं, दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र दिसतो. पण लाली आणि सूज म्हणजे शरीराने पाठवलेली कुमक. तीच परत बोलावली की जंतूला मोकळं रान. वरचं अँटिबायोटिक दिवसातून तीनदा घालून जंतू दबतो, मरत नाही. म्हणून थांबवलं की परत, थांबवलं की परत. माझ्या प्रॅक्टिसच्या तीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वैतागले असेन ते या बाटल्यांवर. गावाकडे तर लेन्सचे पेशंट मोजकेच. उसाचं पातं नाहीतर कडबा लागून डोळा खरचटलेले शेतकरी जास्त. त्यांच्या अल्सरमध्ये बऱ्याचदा बुरशी असते आणि बुरशीवर स्टेरॉइड म्हणजे आगीत रॉकेल. चिठ्ठीशिवाय हे द्यायचं नसतं, तरी ‘डोळे आलेत, काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवरून बाटली पुढे येते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही तीन नावं लक्षात ठेव. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. पुढे डाग कमी राहावा म्हणून तुझे डॉक्टर कदाचित स्वतःच ते सुरू करतील. पण केव्हा, ते डोळ्यात दिव्याने बघून ठरतं.

आणि ऑफिसवाल्यांच्या ‘डोळे आलेत’बद्दल. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरुवात होऊन पुण्यात आणि राज्यभर डोळे आले होते, तेव्हापासून लाल डोळा दिसला की लोक हेच म्हणतात. डोळे येतात तेव्हा बहुतेक दोन्ही येतात, एक आधी, दुसरा मागून. चिकटपणा, टोचणी, पाणी, पण नजर साफ असते. तुझा एकच डोळा, उजेड सोसत नाही, ठणका, आणि वर पांढरा ठिपका. हे बघून कुणीही डोळे आलेत म्हणायला नको होतं. खरं तर ठिपक्याची वाटही बघायची नाही. लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखायला लागला की लेन्स काढायची, आणि काढूनही काही तासांत बरं वाटलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यावर पट्टी बांधून ठेवायची नाही. पट्टीखाली पुन्हा तीच ऊब, तोच अंधार.

लग्नात लेन्स घालता येतील का? नाही. पत्र लिहिलंस तेव्हा १९ दिवस होते, आता १४ उरलेत. एवढ्यात अस्तर भरून येईल असं तुझ्या निरोपांवरून वाटतं, पण भरून आलं म्हणजे लेन्सला तयार झालं असं नाही. पुढचे काही आठवडे, कदाचित काही महिने, उजव्या काय आणि डाव्या काय, एकाही डोळ्यात लेन्स नाही. एका दिवसासाठी नाही, फोटोपुरती नाही, रिसेप्शनपुरती नाही, बिननंबरी रंगीत तर नाहीच. ठिपक्याच्या जागी फिकट डाग राहील, आपल्याकडे ज्याला फूल पडलं म्हणतात तसा. कडेला असल्यामुळे नजरेला त्याचा फारसा त्रास होऊ नये. नेमकं तुझे डॉक्टर सांगतील. तो झाकायला म्हणूनही लेन्स शोधू नकोस.

नंतर कधीतरी डॉक्टरांनी परवानगी दिली तर माझा आग्रह रोज नवी घालून रात्री फेकायच्या लेन्सचा. वरच्या ऑस्ट्रेलियाच्या पाहणीत अल्सरचं प्रमाण त्यांच्यातही साधारण तेवढंच होतं हे खरं, पण त्यांना डबीच लागत नाही, आणि तुझं दुखणं डबीतलं आहे. लग्नकार्यापुरत्या वापरणाऱ्यांना त्या महागही पडत नाहीत. महिन्याच्याच घ्यायच्या झाल्या तर मग पद्धत बदल. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे. ओल्या बोटावर नळाचं पाणीच असतं. पंच्याने पुसू नकोस, धागे चिकटतात. लेन्स तळहातावर ठेवून सोल्यूशनचे थेंब टाकून बोटाने हलके चोळायची, दोन्ही बाजूंनी. बाटलीवर ‘चोळायची गरज नाही’ असं छापलेलं असलं तरी चोळायची, कारण बुळबुळ चोळण्यानेच निघते. मग सोल्यूशननेच खंगाळायची. डबीतलं जुनं सोल्यूशन रोज सकाळी ओतून द्यायचं. पूर्ण. वरून भर घालणं म्हणजे कालच्या आमटीत आजची ओतणं, आणि आमटी निदान आपण उकळतो तरी. २००६ साली अमेरिकेत, सिंगापुरात, हाँगकाँगमध्ये लेन्स वापरणाऱ्यांना बुरशीचे अल्सर झाले, एक सोल्यूशन जगभरातून परत घ्यावं लागलं. दोष त्या सोल्यूशनचा होताच, पण चौकशीत लोकांची ही वरून भर घालायची सवयही पुढे आली.

ओतल्यावर डबी सोल्यूशननेच चोळून, स्वच्छ टिश्यूने पुसून, झाकणं काढून, पालथी घालून वाळवायची. जंतूला कोरडेपणा सोसत नाही. तुझ्या डबीला गेल्या वर्षभरात तो मिळालाच नव्हता. आणि ती मोरीत ठेवायची नाही. तुझ्या फोटोत ती टूथब्रशच्या मगाशेजारी आहे, वर शॉवर, खाली कमोड. कपाटात ठेव, कपाटातली जागा तशीही आता रिकामी होणार आहे. डबी तीन महिन्यांनी फेकायची. उघडलेलं सोल्यूशनही बाटलीवर लिहिलेल्या मुदतीत, नाहीतर फेक. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना, तीस वेळा घातली असा हिशोब नाही. सध्याच्या दोन्ही लेन्स, डबी, उरलेलं सोल्यूशन, जुनं काजळ आणि मस्कारा, सगळं कचऱ्यात. तपासणी झालीय, आता डबीची गरज नाही.

राहिला सासरचा प्रश्न. इथे मी डॉक्टर म्हणून बोलते आहे, मावशी म्हणून नाही. तुझ्या डोळ्यात जंतू घातला डबीने, पण त्या दोन रात्री लेन्स न काढण्याचं कारण कपाटातला चष्मा होता. चष्मा जवळ नसलेला लेन्सवाला माणूस कधी ना कधी लेन्समध्ये झोपणारच. त्याला दुसरा इलाजच नसतो. आणि लग्न झाल्यावर? रात्री लेन्स काढून तू आंधळ्यासारखी भिंत धरून चालणार, की रोज झोपल्याचं सोंग घेऊन दिवा गेल्यावर काढणार? महाबळेश्वरला गेलात तर डबी आणि सोल्यूशनची बाटली कुठे लपवणार? हे किती दिवस चालवशील, याचा हिशोब डोळा करत नाही, तो पहिल्या संधीलाच लाल होतो.

आईवर रागावू नकोस. तिच्या काळात चष्म्याच्या मुलीला खरंच नकार यायचे, मीही ते ऐकलेत. पण तिला हे वाचून दाखव.

होणाऱ्या नवऱ्याला आज फोन कर. लांबण लावू नकोस, एवढंच सांग: मला शाळेत असल्यापासून चष्मा आहे. तुमच्याकडे आले होते तेव्हा लेन्स घालून झोपले, त्यातून डोळ्याला जखम झालीय, औषध चालू आहे, लग्नात मी चष्म्यात असेन. बस. तो बहुधा आधी डोळा कसा आहे हे विचारेल. त्याच्या आईचा फोन तासाभरात येईल, त्या नंबर किती म्हणून विचारतील आणि मग स्वतःच्या मोतीबिंदूची गोष्ट सुरू करतील; ती ऐकून घे.

उद्या कपाटातला चष्मा काढून डोळ्यांना लावून बघ. वर्षभरात डाव्याचा नंबर बदलला असेल तर दुकानात दोन-तीन दिवसांत नव्या काचा मिळतात; उजव्याचा नंबर जखम भरेपर्यंत तपासू नकोस, जुन्याच नंबरची काच घाल. हळदीला उजव्या डोळ्याच्या आसपास हळद लावू देऊ नकोस, डोक्यावरून पाणी ओतायचा कार्यक्रम मानेखाली आटप. ड्रॉपची वेळ भटजींना सांगून ठेव, ते दोन मिनिटं थांबतात. मेकअपवालीला डोळ्यांच्या आतल्या कडेला काजळ नको असं स्पष्ट सांग, आणि तिचा ब्रश उजव्या डोळ्याला लागता कामा नये. होमाच्या धुरात आणि अक्षतांच्या माऱ्यात चष्मा उलट बराच. उणे साडेचार नंबर म्हणजे चष्म्याशिवाय वीतभरापलीकडचं सगळं धूसर. अंतरपाट बाजूला झाल्यावर समोर नवरा आहे की मागे उभा असलेला त्याचा मामा, हे तुला नीट दिसायला हवं.

मी स्वतः चष्म्यातच बोहल्यावर चढले होते, म्हणून एक अनुभवाचं सांगते. मुंडावळ्या आधी बांधून घे आणि चष्मा नंतर लाव. उलट केलंस तर दांडी दोऱ्याखाली दबते आणि सप्तपदी होईपर्यंत कानामागे काचत राहते.